बत्तीभोवतीचं कडं

रात्री खाडीवर जिताडा धरायला जाणाऱ्या माणसाला कुठली बत्ती द्यायची आणि कुठला गळ द्यायचा, हे ठरवून देण्याचा धंदा मी नावड्याच्या नाक्यावर चौदा वर्षं केला. असा धंदा होता हे सांगितलं तर आता घरच्यांनाही खरं वाटत नाही. नातू म्हणतो, "आजोबा, स्विच नव्हता का?" स्विच होता, पण तो नाक्यावर होता. खाडीच्या बांधावर नव्हता.

बत्त्यांचं काम माझ्या घरातलंच. माझा बाप रत्नागिरीकडचा. मुंबईत लग्नाच्या वरातींमधे डोक्यावर गॅसबत्ती धरून चालायचा. वरातीतल्या लोकांनी त्या उजेडात एकमेकांचे कपडे बघितले, दागिने बघितले; बत्तीखाली कोण चाललंय ते कोणी बघितलं नाही. मी म्हटलं, बत्ती डोक्यावर घेणार नाही, हातात घेऊन दुरुस्त करीन. गिरगावात एका भाड्याच्या बत्त्यांच्या दुकानात सहा वर्षं काढली आणि आणीबाणीच्या जरा आधी नावड्याला आलो. तळोजाला कारखाने उभे राहत होते. तिथे वीज नसलेल्या वस्त्या खूप होत्या, त्यामुळे बत्त्यांना काम मिळेल असा माझा हिशेब. गिऱ्हाईक मात्र निघालं खाडीवरचं.

आजूबाजूच्या गावांत सगळे आगरी. भातशेती, मिठागरं आणि खाडी. मी बौद्ध, परका, वर हत्यारांची एक पेटी आणि बुद्धाची तसबीर घेऊन आलेला. दुकानासाठी जागा मागितली तर दोघातिघांनी "बघू" म्हटलं. बघू म्हणजे काय ते मला गिरगावातच कळलेलं होतं. जागा दिली ती गोमा घरत नावाच्या माणसानं. पन्नाशीचा, काळा, बुटका, पायांच्या नडग्यांवर खाजणातल्या काट्यांचे पांढरे ओरखडे. त्याच्या चुलत्याची पत्र्याची खोली नाक्यावर रिकामी होती. किल्ली माझ्या हातात देऊन त्यानं एवढंच विचारलं, "पंपाचा वायसर बदलतोस का? माजी बत्ती हवा धरत नाय."

गोमादादा पंचक्रोशीत जिताड्याचा माणूस म्हणून माहीत होता. जिताडा म्हणजे खाडीतला राजा. चंदेरी, जाड खवल्यांचा, आणि मोठा झाला की लहान पोराएवढा. इंग्रजीत त्याला सी बास म्हणतात असं मला पुढे वाशीच्या एका साहेबांनी सांगितलं. दिवसा तो सहसा हाताला लागत नाही. शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून खाडीला मातीचे बांध असतात आणि त्या बांधांत पाणी सोडायला दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की उघाडीतून आतलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी, बोईट असलं बारीकसारीक वाहत येतं आणि जिताडा बाहेर तोंडाशी येऊन उभा राहतो. जिवंत बोईट गळाला लावायचं, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बोटावर धरायची आणि बसायचं.

आता बत्ती. मला वाटायचं की जास्त उजेड म्हणजे चांगली बत्ती. गिरगावात तसंच होतं. पहिल्याच हिवाळ्यात गोमादादा म्हणाला, "चल एकदा माज्यासंगं, मंग दुकान लाव."

गेलो. अमावास्येच्या मागेपुढे. गोमादादानं कंदील स्वतःच्या पाठीमागे, बांधाच्या उतारावर ठेवला. खाडीच्या बाजूला डालड्याचा कापलेला डबा आडवा लावला, म्हणजे उजेड पडायचा तो फक्त त्याच्या हातावर आणि तंगूस पाण्यात शिरते तेवढ्या जागेवर. मी हळूच विचारलं, एवढ्यात दिसतं का? तो म्हणाला, "मना दिसाया पायजे का त्याला?" बऱ्याच वेळानं त्यानं दोन सेलची बॅटरी कानशिलाला टेकवली आणि क्षणभर लावली. उघाडीच्या तोंडाशी पाण्यात दोन निखारे चमकले. जिताड्याचे डोळे. उजेड बघणाऱ्याच्या डोळ्यांशेजारून गेला तरच ते तसे चमकतात, हात लांब करून बॅटरी मारली तर काही दिसत नाही. बॅटरी लगेच बंद केली. नंतर तंगूस ओढली गेली ती मला आवाजानंच कळली.

त्या रात्रीनंतर मी दुकानात तशी बत्ती द्यायला लागलो. कंदिलाला डब्याचा आडोसा, बॅटरीच्या काचेला लाल कागद, वात अर्धी. गळ मोठा पण तारेला जाड नको, नाहीतर बोईट लवकर मरतं. तंगूस पाण्याच्या रंगाची. लोक लांबून येऊ लागले. पनवेलचे, उरणकडचे, बेलापूरचे. माझं नाव विसरून सगळे मिस्तरी म्हणायचे. आणि मी प्रत्येकाला रुबाबात सांगायचो, "उजेड कमी घ्या. कमी उजेडाला मासा येतो." हे माझं ज्ञान नव्हतं, गोमादादाचं होतं. पण दुकान माझं होतं.

पुढे जमिनी गेल्या. नव्या शहरासाठी नोटिसा आल्या, मोजणीवाले आले, भातखाचरांत खुंट्या ठोकल्या. गोमादादाची शेतं गेली, मिठागरातला वाटा गेला. एकदा बाकावर बसून म्हणाला, "खाडी तेवडी मोजली नाय त्यांनी. पानी मोजता येत नाय ना." तेव्हापासून तो आठवड्यातून एकदोनदा जायचा ते रोज जाऊ लागला.

त्यानंतरच्या पावसाळ्यानंतर केव्हातरी तो घरात पडून असलेली गॅसबत्ती घेऊन आला. मला जरा नवल वाटलं, कारण गॅसबत्तीला तो नावं ठेवायचा. म्हणाला, "कंदिलाच्या काचेत दोष हाय. उजेडाभोवती कडं दिसतंय. रंगीत. म्हनून ही काडली."

मी म्हटलं, थंडीचे दिवस, दव पडतं, काचेवर ओल धरते. कंदिलाची काच बदलून दिली. महिन्यानं गॅसबत्तीभोवतीही कडं दिसतंय म्हणाला. गॅसबत्तीत मेंटल असतं, रेशमी जाळीची पिशवी. पहिल्यांदा पेटवली की ती जळून राखेची होते आणि ती राखच मग पांढरी चमकते. जरा धक्का लागला तर फाटते आणि उजेड एका बाजूला जातो. मी मेंटल बदललं. मग पिन साफ केली. मग अभ्रकाची काच काढून दुसरी बसवली. प्रत्येक वेळी दुकानात पेटवून दाखवली, आणि प्रत्येक वेळी तो बत्तीकडे बघून म्हणायचा, "आता जरा बरं हाय."

माझ्या हातांवर माझा मोठा भरवसा होता. बत्तीत दोष आहे असं कोणी म्हणालं की तो मला सापडायचाच. नसलेलासुद्धा सापडायचा.

वर्षभरात त्यानं तीन सेलची बॅटरी घेतली, मग पाच सेलची. जास्त उजेडाला मासा येत नाही हे ज्यानं मला शिकवलं तोच माणूस दर खेपेला म्हणायचा, "याच्यापेक्षा मोठी नाय का?" मी विचारलं, "दादा, तुम्हीच सांगायचे ना कमी उजेड घे म्हणून?" तो म्हणाला, "आता पानी पयल्यासारकं नाय राह्यलं. गडूल झालंय. डोले दिसत नाय."

डोळे म्हणजे जिताड्याचे, असं मी धरून चाललो. पाणी खरंच बदललं होतं. ओहोटीला कधी जांभळट, कधी साबणासारखा फेस. कारखान्यांतून काय सोडत होते ते कोणी सांगत नव्हतं. पाणी गढूळ, म्हणून बॅटरी मोठी. मला सगळं बरोबर वाटत होतं.

शेवटी मी त्याला मोटारीची बॅटरी आणि ट्रकचा हेडलाइट जोडून दिला. लाकडी खोक्यात बसवला, वर पकडायला मूठ. माझ्या हातचं ते सर्वांत मजबूत काम असेल. आठ दिवसांत गावातली चार माणसं दुकानासमोर उभी राहिली.

"मिस्तरी, तू त्याला सूर्य दिलास का?" त्यांतला मोठा म्हणाला. "आक्या उघाडीवर उजेड मारतो. एक जिताडा थांबत नाय. आमी काय खावाचा?"

"मासे उजेडानं नाही गेले," मी म्हणालो. "पाण्यानं गेले."

"पान्याला सांगाया आमी कुनाकडं जानार? तू समोर हायस."

त्यांचंही खरं होतं. मी गोमादादाला उजेड जपून वापरायला सांगतो म्हणालो. पण सांगितलं नाही. मला ते त्याचा अपमान केल्यासारखं वाटलं.

याच सुमाराला सामंत नावाचे एक साहेब वाशीहून येऊ लागले. बँकेत कारकून. वाशीतल्या नव्या इमारतीत राहायला आलेले, जिन्यावर दुसरं माणूस भेटत नाही म्हणायचे. दर शनिवारी स्कूटरवरून माझ्याकडे. वहीत गळांची चित्रं काढलेली, तंगूस तीन रंगांत घेतलेली, डोक्याला टोपी. मासा रात्री कुठला रंग बघतो असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "साहेब, दुकानात आला की विचारून ठेवतो." माझ्या माहितीप्रमाणे त्यांना कधीही जिताडा मिळाला नाही. पण या माणसामुळेच मला जे कळायचं ते कळलं.

एका शनिवारी चारच्या सुमाराला ते बाकावर बसून गळ निवडत होते. गोमादादा हेडलाइट घेऊन आला. उजेड कमी पडतो अशी तक्रार. मी खोकं टेबलावर त्याच्या डाव्या हाताला ठेवलं, तारा घासल्या आणि दिवा लावला. त्याच बाजूच्या पत्र्यावर पांढरा गोळा पडला. दिवसाढवळ्या डोळे दिपतील एवढा.

गोमादादा सरळ माझ्याकडे बघत उभा होता. जरा वेळानं म्हणाला, "लाव ना."

मी हसलो. थट्टा करतोय असं वाटलं.

"लाव, लाव. मना ओहोटीच्या आदी पोचायचंय."

मी दिव्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. सामंतसाहेबांच्या हातातला गळ तसाच राहिला. दुकानात कोणी बोललं नाही, तेव्हा गोमादादानं मान डावीकडे वळवली आणि दिवा त्याला दिसला. "हां," तो घाईनं म्हणाला, "बाहेरच्या उनातनं आलो ना." खोकं उचललं. जाताना दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा आपटला.

तो गेल्यावर सामंतसाहेबांनी विचारलं, "यांना दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का हो कधी?"

मी म्हणालो, "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या आईला दिसायचं. काचबिंदू होता. आम्हाला वाटायचं बल्ब खराब आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. पहिली काच केव्हा बदलली, पहिलं मेंटल केव्हा, ते आठवत पडलो. जवळजवळ तीन वर्षं होत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. गोमादादा ऐकेना. म्हणाला, म्हातारपणी डोळा जरा जातोच, त्यात काय. त्याची बायको पार्वतीवहिनी चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, "गेल्या साली हाळदीला बसल्याव त्यांनी पोरीच्या कपालाऐवजी कानाला हालद लावली. सगली हासली. मी नाय हासली." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमी जात नसाल तर मी या भाऊंसंगं जाते नि इचारून येते, बाईमानसाचा नवरा आंदला झाला तं काय करावं." दहा दिवसांनी आम्ही तिघं एस.टी.नं पनवेलला गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं. मग विचारलं, "कडं किती दिवसांपासून दिसतंय?"

"गनपतीपासून," गोमादादा म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तीन वर्षं."

त्या म्हणाल्या की डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्यात नळीतून बघावं एवढं उरलंय. डोळ्यातला दाब वाढतो आणि नस मरत जाते. मेलेली नस परत येत नाही. उरलंय ते टिकवायला थेंब आणि मुंबईला ऑपरेशन. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "कडं दिसायला लागलं तेव्हाच आला असतात तर आज हे खूपसं वाचलं असतं." त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. मला विचारलं म्हणून सांगितलं.

ऑपरेशन झालं. उजवा डोळा काही महिने तसाच राहिला, मग तोही मंद होत गेला. थेंब घालून गोमादादा खाडीवर जातच होता. एका दुपारी पार्वतीवहिनी एकटी दुकानात आली. "भाऊ, त्यांना बत्ती देव नुको. काल उघाडीच्या कठड्यावरनं पाय गेला. कमरेला धरून मी वर वडला. बत्ती नाय भेटली तं घरी बसतील."

मी कबूल झालो. आठवड्यानं गोमादादा हेडलाइटचा दिवा बदलायला आला. मी म्हणालो, "दादा, दिवा नाही माझ्याकडे."

दिवे मागच्या फळीवर ओळीनं होते. ते त्याला दिसत नव्हते आणि आपण त्याचा फायदा घेतोय हे मला बोलताबोलताच कळलं.

"दिवाच नाय, का तू देत नाय?" त्यानं विचारलं.

"देत नाही."

"तू मिस्तरी हायस का डाकतर?"

खोकं त्यानं टेबलावर तसंच ठेवलं आणि काठी टेकत गेला. त्यानंतर तो नाक्यावर आला की रस्त्याच्या पलीकडून जायचा. सात-आठ महिने असे गेले. मी मात्र एक सुरू केलं. बत्ती घेऊन जो येईल त्याला आधी विचारायचो, कडं दिसतं का, कडेचं दिसतं का. काही हसले, काही चिडले. एक पेणकडचा माणूस मात्र गप्प झाला. त्याला मी पनवेलला नेलं आणि त्याचे डोळे वाचले. त्याच्या घरच्यांनी मला नारळ दिला. तो घेताना मला लाज वाटली.

मग लोकांकडून कळलं की गोमादादा परत खाडीवर बसतो. बत्तीशिवाय. पार्वतीवहिनी हाताला धरून नेते, उघाडीपाशी बसवते आणि स्वतः शेजारी बसून राहते. तंगूस बोटावर, डोळे मिटलेले. लोक म्हणायचे, तिथे आता मासा कुठाय, म्हातारा उगाच बसतो.

आणि त्याला मासा मिळाला. पाच-सहा शेराचा जिताडा. सकाळी पार्वतीवहिनी केळीच्या पानात गुंडाळलेला अर्धा तुकडा घेऊन माझ्या दारात. "त्यांनी धाडलाय. बोलले, मिस्तरीला दे."

माझ्या बायकोनं मोठ्या आनंदानं कालवण चढवलं. उकळी आली आणि घरभर वास सुटला. रॉकेलचा म्हणावा तर रॉकेलचा नाही, फिनेलचाही नाही. बायकोनं चिंच घातली, कोकम घातलं. वास तसाच. मी दोन घास जबरदस्तीनं खाल्ले आणि पानावरून उठलो. बाकीचं तिनं लांब नेऊन पुरलं, कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. ओटीवर बसला होता. माझ्या चपलांचा आवाज ओळखून म्हणाला, "ये मिस्तरी. खाल्लास का?"

"खाल्ला. फार गोड होता."

तो म्हणाला, "खोटं नको बोलू. आमीपन त्योच खाल्ला."

आतून पार्वतीवहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटतं, तिनंही त्याला गोड होता असंच सांगितलेलं असणार.

"शेवटचा त्यो," गोमादादा म्हणाला. "आता नाय जायाचा. खाडी गेली."

मला राहवलं नाही. इतके दिवस आत साठलेलं मी बोलून टाकलं. म्हणालो, "दादा, चूक माझी. तुम्ही कडं दिसतं म्हणायचात आणि मी मेंटल बदलत बसलो. तीन वर्षं. बत्तीत काही नव्हतं. मला कळायला हवं होतं."

"तुला नाय कललं," तो म्हणाला. "मना कललं होतं."

"काय?"

"पयल्या साली. कंदिलाची काच नवी घातलीस तरी कडं व्हतं. चंद्राला पन कडं, नाक्यावरच्या बलपाला पन कडं. चंद्राची काच कोन बदलनार? शेती गेली व्हती. डोले गेले बोललो असतो तं पोरांनी खाडीवर जाव दिला नसता. म्हनून तुज्याकडं येत व्हतो. दुसरा कोन असता तं माज्या तोंडाकडं बगितला असता. तू बत्तीच बगायचास."

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. उलट, एखाद्या चांगल्या गोष्टीची आठवण काढावी तसं म्हणाला. वहिनीनं चहा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याचा हात फळीवरून हळूहळू सरकत कपाकडे निघाला, कपाच्या अलीकडे थांबला, मग पुढे गेला. मला उचलून द्यावासा वाटला, पण मी दिला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती, गळ लागून झालेली असावी, आणि उजव्या गालावर तीळ. दहा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बाकावर बसत होता. तीळ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.